काही वाटलं नाही

पाण्याला वास नसतो, असं शाळेत शिकवतात. मुलं ते पाठ करतात, परीक्षेत लिहितात, त्याचे मार्कही मिळवतात. त्यांतलं एखादं मूल पुढे रसायनशास्त्र शिकून पाणी शुद्ध करण्याच्या केंद्रात नोकरीला लागतं, आणि पहिल्याच आठवड्यात त्याला कळतं की वास नसलेलं पाणी या पृथ्वीतलावर कुठेच नाही. कुठलं पाणी लोखंडासारखं, कुठलं काकडीसारखं, कुठलं पेन्सिलीला नुकतं टोक काढल्यासारखं. काही पाण्याला नुसता गारव्याचा वास असतो. गारव्याला कसला आलाय वास, असं कुणी म्हटलं तर समजावून सांगता येत नाही. हुंगलं की पटतं.

धाकटी गेली बरीच वर्षं हेच काम करत होती. दादाच्या पाठची म्हणून घरात ती धाकटी, आणि वास घेणाऱ्या चौघांत सगळ्यांत शेवटी आली म्हणून केंद्रातही धाकटीच. कानांमागे केस पांढरे व्हायला लागले तरी नाव काही मोठं झालं नाही.

ही चौघं रोज सकाळी वासाच्या खोलीत बसत. खोलीत लाकूड नव्हतं, पडदे नव्हते, गाद्या नव्हत्या, कारण या सगळ्यांना वास असतो. काचेचं टेबल, स्टीलच्या खुर्च्या आणि पांढऱ्या भिंती. सुवासिक साबण वापरायचा नाही, केसांना तेल लावायचं नाही, आणि येण्याआधी चहा प्यायचा नाही. शेवटच्या नियमावर अप्पांचा फार राग होता. अप्पा त्या चौघांतले वडीलधारे. "चहा न पिता मी जे काही करतो त्याला मी जबाबदार नाही," असं ते रोज म्हणायचे आणि रोज सगळं नीट करायचे.

मग कोमट केलेल्या पाण्याचे चंबू यायचे. चंबू हलकेच गोल फिरवायचा, काचेचं झाकण उचलायचं, एक छोटा श्वास घ्यायचा आणि दोन उत्तरं द्यायची. पहिलं, वास कसला आणि किती. दुसरं, हे पाणी घरी न्याल का? हा दुसरा प्रश्न फार पूर्वी कुणीतरी घालून दिला होता. पहिल्या प्रश्नाचं उत्तर आता यंत्रही देत असे, अगदी दशांशांपर्यंत. घरी न्याल का, हे मात्र यंत्राला विचारता येत नव्हतं. म्हणून तर ही चार माणसं ठेवली होती. चौघांपैकी दोघांनी जरी नाक मुरडलं तरी त्या टाकीत कोळशाची पूड सोडायची, वास जाईपर्यंत पाणी पुढे जाऊ द्यायचं नाही, असा रिवाज होता.

दुपारी जेवणाचे डबे उघडले की त्यांच्यासोबत गोळ्यांच्या डब्याही उघडत. हे कधी सुरू झालं ते कुणालाच नेमकं आठवत नव्हतं. केंद्राच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाई वर्षातून एकदा सगळ्यांना तपासायच्या. झोप लागते का, भूक लागते का, छातीत धडधडतं का, असं विचारायच्या आणि ज्याला जे नसेल त्याची गोळी द्यायच्या. नवरदेवाला बढतीच्या मुलाखतीची धास्ती बसली म्हणून गोळी सुरू झाली. मुलाखत होऊन गेली, बढती मिळून जुनी झाली, गोळी राहिली. (नवरदेव म्हणजे त्या चौघांतला तरुण. त्याच्या लग्नाला किती वर्षं लोटली तरी त्याला तेच नाव होतं.) चौघांतली चौथी ती बडबडी, तिची गोळी झोपेची. तिची लेक परगावी शिकायला गेली तेव्हापासूनची. लेक शिकून परत येऊन घरातच लोळत होती, तरी गोळी चालूच.

"तुझी कुठली गं? गुलाबी?"

"गुलाबी बंद झाली. आता ही अर्धी पिवळी."

"मस्त दिसतेय. मला कधी पिवळी मिळायची?"

"आधी जरा रड की डॉक्टरबाईंसमोर. चांगुलपणानं कुणाला काही मिळतं का!"

अप्पांची गोळी कशासाठी होती ते अप्पांनाच आठवत नव्हतं. "रक्तदाबाची असावी," ते म्हणत, आणि पाण्याच्या घोटाबरोबर गिळत.

धाकटीची गोळी आईची होती. म्हणजे आई गेल्यानंतरची. आईला जाऊन महिनाही झाला नव्हता आणि केंद्रातली तपासणी आली. धाकटी खुर्चीवर बसली आणि डॉक्टरबाईंनी 'झोप?' एवढंच विचारलं, तर तिला बोलता येईना. डॉक्टरबाई चांगल्या होत्या. बाहेर मोठी रांग होती. त्यांनी धाकटीच्या मनगटावर हात ठेवला, म्हणाल्या, "इतकं सोसायची काही गरज नाही," आणि एक पांढरी गोळी लिहून दिली.

गोळीनं काम केलं, यात खोटं काही नाही. धाकटी झोपू लागली, जेवू लागली. मग दिवस एकमेकांत विरघळू लागले. सकाळ व्हायची ती कुणीतरी हळूच दिवा मोठा केल्यासारखी आणि संध्याकाळ व्हायची ती कुणीतरी तो बारीक केल्यासारखी. रस्त्यावरची माणसं बोलत, हसत, भांडत जवळून जायची आणि त्यांचे आवाज तिच्यापर्यंत पोचेस्तोवर ओलांडून गेलेले असायचे. आपण केंद्रातल्या मोठ्या संथ टाकीच्या तळाशी बसलो आहोत आणि वर, खूप वर, पाण्याच्या पाठीवर उजेड हलतो आहे, असं तिला वाटे. वाटे म्हणजे काय, दिसे. भीती नव्हती, दुःख नव्हतं. गढूळ पाणी त्या टाकीत ठेवलं की गाळ आपोआप खाली बसतो आणि वरचं पाणी नितळ होतं. धाकटी नितळ झाली होती. वर्ष उलटलं, गोळ्यांची पाकिटं येत राहिली, आणि ती थांबवायची असतात हे कुणाच्या मनातही आलं नाही. तिच्या तर नाहीच नाही, कारण मनात काही येणंच थांबलं होतं.

मग एका संध्याकाळी दादाचा फोन आला. दादा दुसऱ्या शहरात राहत असे.

"तुझ्या भाचीला तिकडच्या कॉलेजात प्रवेश मिळाला गं! आता आत्याबाईंनी खोली रिकामी करायची."

"अरे वा. येऊ दे की. आईची खोली आहेच."

"तेच म्हणतोय. आईचं कपाट तेवढं आवरायला लागेल. तुला जमेल, का मी येऊ?"

"ये तू. सवडीनं ये."

"तुला चालेल ना पण? म्हणजे, आईचे कपडे वगैरे…"

"चालेल की," धाकटी म्हणाली. फोन ठेवल्यावर तिला जाणवलं की खरंच चालेल. आणि ते जाणवूनही काहीच झालं नाही.

ती आईच्या खोलीत गेली. आई दातांच्या दवाखान्यासाठी कवळ्या बनवायची. आयुष्यभर तिनं गुलाबी हिरड्यांत पांढरे दात बसवले. माणसांची नावं ती विसरायची, दात विसरायची नाही. "तो नाही का, वरचा सुळा जरा आत असलेला," असं म्हणून ती मंत्र्यापासून दूधवाल्यापर्यंत कुणाचीही ओळख सांगायची. तिचं कपाट ती गेल्यापासून धाकटीनं दोनतीनदाच उघडलं होतं. तिला माहीत होतं की वास म्हणजे वस्तूच असते. कापडातून सुटून हवेत निघालेले तिचे बारीक, अदृश्य कण. दार उघडलं की ते बाहेर पडतात, आणि एकदा पडले की परत जात नाहीत. आईचा जेवढा वास उरला होता तेवढाच होता, नवा कुठून येणार नव्हता.

तिनं दार बोटभर उघडलं आणि छोटा श्वास घेतला. लोकर. डांबरगोळ्या. हातांना लावायचं मलम. लवंगेचं तेल. आणि या सगळ्यांच्या खाली ते एक, ज्याला तिच्या धंद्यात नाव नव्हतं. सगळं बिनचूक ओळखता आलं. पहिल्यापेक्षा फिकं झालंय, हेही कळलं. ती तशीच वाट बघत उभी राहिली. वास आला होता, आई आली नाही. स्टेशनावर सामान उतरावं आणि माणूस उतरूच नये, तसं झालं.

तिनं दार लावलं. दादा येईपर्यंत महिनाभर किंवा जरा जास्त अवधी होता. त्यानंतर कपाट रिकामं होणार होतं. आईसाठी आपल्याला एकदाही नीट वाईट वाटलेलं नाही, आणि वाईट वाटून घ्यायला जे काही उरलं आहे ते रोज थोडं थोडं उडून चाललं आहे, असा हिशेबी विचार तिच्या डोक्यात आला. त्याच्याबरोबर काळजी यायला हवी होती. विचार एकटाच आला, थोडा वेळ बसला आणि उठून गेला.

कदाचित तो तसाच गेला असता. पण त्याच आठवड्यात तलावात शेवाळ माजलं.

असं अधूनमधून होतं. शेवाळ माजलं की पाण्याला मातकट, कुबट वास लागतो. त्यानं कुणी आजारी पडत नाही, पण बंद तळघराचं दार उघडल्यासारखं ते पाणी नाकाशी येतं, आणि लोकांच्या घशाखाली ते उतरत नाही. सकाळी चंबू आले. अप्पांनी हुंगलं.

"मातकट. चांगलंच."

"मातकट, कुबट," बडबडी म्हणाली. "आमच्या जुन्या घराच्या जिन्याखाली असा यायचा."

"मातकट," नवरदेव म्हणाला.

धाकटीनं झाकण उचललं. वास इतका दाट होता की खोलीत कुणीतरी ओली गोणपाटं आणून टाकली असावीत असं वाटावं. "मातकट," ती म्हणाली. "तीव्र."

"घरी न्याल का?" अप्पांनी विचारलं.

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. खिडकीबाहेर टाक्यांवर ऊन पडलं होतं आणि पाणी हलत नव्हतं.

"नेईन की," बडबडी म्हणाली.

"न्यायला काय हरकत आहे," नवरदेव म्हणाला.

"हो," धाकटी म्हणाली.

अप्पांनीही मान डोलावली, आणि पाणी शहरात गेलं.

दुपारपासून केंद्रातले फोन वाजू लागले ते थांबेनात. नळाला डबक्याचं पाणी येतंय, मुलं आंघोळीला तयार नाहीत, हॉटेलात गिऱ्हाईकं चहाचे कप परत पाठवताहेत. एका म्हातारबाबांनी तर बाटलीत पाणी भरून स्वतः आणून दिलं आणि "आधी तुम्ही प्या" म्हणून फाटकावरच्या पहारेकऱ्याला धरून बसले. संध्याकाळी केंद्राच्या मुख्य इंजिनिअर, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, वासाच्या खोलीत आल्या. त्यांच्या अंगाला अत्तराचा घमघमाट होता. त्या खोलीत तो गुन्हाच, पण त्या दिवशी बोलणार कोण?

"वास आला होता का नव्हता आला?"

"आला होता," अप्पा म्हणाले.

"किती?"

"भरपूर."

"मग? भरपूर वास आला, मातीचा आला, कुबट आला, आणि चौघं म्हणता घरी नेऊ! नाकं शाबूत आहेत तर झालं काय तुम्हाला?"

शेवटी धाकटीच बोलली, कारण तिला त्यात न बोलण्यासारखं काही वाटलं नाही.

"वास आला बाई. पण काही वाटलं नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे वाईट आहे हे कळलं. वाईट वाटलं नाही."

मोठ्या बाईंनी एकेकाकडे पाहिलं. नवरदेवानं खाली मान घातली. "मलाही तसंच," तो पुटपुटला. बडबडीनंही मान हलवली.

"धन्य आहे," मोठ्या बाई म्हणाल्या. "उद्यापासून दुसरा प्रश्न बंद. कसला आणि किती एवढंच सांगा. कोळशाचं यंत्राच्या आकड्यावर ठरवू." आणि अत्तराचा ढग मागे ठेवून त्या गेल्या.

अप्पांनी रिकामा चंबू बाजूला सरकवला. "माझी रक्तदाबाची नसावी," मग ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी धाकटी दवाखान्यात गेली. रांग होतीच. तिची पाळी आली तेव्हा डॉक्टरबाईंनी मान वर न करता पाकिटासाठी हात पुढे केला.

"संपल्या?"

"नाही. आहेत अजून."

"मग त्रास होतोय काही?"

"नाही. मला काहीच होत नाहीये."

"मग छानच की."

"तेच सांगायला आलेय, डॉक्टर. मला काहीच होत नाहीये."

डॉक्टरबाईंनी मान वर केली. त्यांच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती, आणि धाकटीला वाटलं की यांच्याही पर्समध्ये एक पाकीट असणार. तिनं आईचं सांगितलं, कपाटाचं सांगितलं, पाण्याचं तर शहरालाच माहीत होतं. डॉक्टरबाईंनी मध्येच उठून दार आतून लावून घेतलं.

"किती दिवस झाले होते आईंना, मी दिली तेव्हा?"

"महिना झाला नव्हता."

"अगं बाई." त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "सुरू करायला सगळे येतात. संपल्या म्हणून येतात. थांबवू का म्हणून विचारायला कुणी येत नाही, आणि मीही बोलावत नाही. एकदम टाकू नका हं. उद्या उठून फेकून दिल्या तर चक्कर येईल, डोक्यात झिणझिण्या येतील, काहीही होईल. हळूहळू कमी करू. दर आठवड्याला मला तोंड दाखवायचं. स्वप्नं पडतील खूप, घाबरू नका. आणि फारच अंधारून आलं, तर आठवड्याची वाट न बघता यायचं."

त्या संध्याकाळी तिनं दादाला फोन करून सांगितलं. दादाचीही गोळी होती, पण ती वेगळी गोष्ट होती. तरुणपणी एक अख्खं वर्ष तो खोलीबाहेर आला नव्हता. रेडिओवरची माणसं आपल्याचविषयी बोलतात, असं त्याला वाटायचं. त्या औषधांनी त्याला परत आणलं, संसाराला लावलं. तो ती रोज नेमानं घेई.

"हे बघ," तो म्हणाला, "माझं सुटलं तर मी सुटलो. मला ते कळतं. तुझं तसं आहे का?"

"नाही रे. माझी आई गेली, एवढंच आहे."

"माझीही गेली," दादा म्हणाला. "डॉक्टरांना विचारूनच करतेयस ना? मग कर बाई. पण रोज फोन करायचा. आणि फोनवर 'ठीक आहे' म्हणायचं नाही, नीट सांगायचं."

गोळी आधी पाऊण झाली, मग अर्धी, मग पाव. आणि स्वप्नं आली. पुराच्या पाण्यासारखी, सगळ्या दारांखालून एकदम. रोज पहाटे धाकटी ओल्या उशीवर जागी होई आणि ती ओल घामाची की स्वप्नातल्या पाण्याची, हे ठरवायला तिला वेळ लागे. एका स्वप्नात आई संथ टाकीच्या तळाशी स्टुलावर बसून कवळी घासत होती आणि तिच्या तोंडातून निघणारे बुडबुडे वर येऊन फुटले की त्यांतून एकेक शब्द बाहेर पडत होता. "सुळा." "जरा." "आत." दुसऱ्यात सगळ्या शहराच्या नळांतून वारा येत होता आणि बायका भांडी भरभरून वारा घरी नेत होत्या. तिसऱ्यात ती स्वतःच चंबूत होती, आणि अप्पा झाकण उचलून म्हणत होते, "कसली आहे ते सांगता येत नाही, पण आहे."

दिवसाही स्वप्नांची कड तिच्या अंगाला चिकटून राही. मान झटकन वळवली की डोक्यात बारीक वीज चमके. एकदा बसमध्ये शेजारच्या माणसाच्या हातातली संत्र्याची साल पाहून तिला एवढं हसू आलं की ती एक थांबा आधीच उतरली. एकदा चपलेचा पट्टा तुटला म्हणून रस्त्यातच डोळे भरून आले, आणि तिला वाटलं, झालं, आई आली. पण ते पट्ट्याचंच रडू होतं. आईचं नव्हतं. दर शनिवारी डॉक्टरबाई विचारत, "काय म्हणतंय?" आणि ती सांगे, "येतंय. पण अजून कुणाचं ते कळत नाही."

कपाट तिनं उघडलं नाही. ते ती राखून ठेवत होती. पाव गोळीवर येऊन अंग जरा स्थिरावलं की एकदाच, दार लावून, निवांत उघडायचं, असं तिनं मनाशी योजलं होतं. दादा रविवारी येणार होता. तिनं शुक्रवार धरला, शुक्रवारी केंद्रात उशीर झाला. मग शनिवार धरला. शनिवारची तिची सुट्टी रद्द झाली, सकाळीच जावं लागलं. हरकत नाही, दुपारी आल्यावर, असं म्हणत ती दुपारी घरी आली तर दार उघडंच होतं, आणि घरात वारा खेळत होता.

दादा एक दिवस आधीच आला होता. शेजारणीकडची किल्ली घेऊन त्यानं बाह्या सरसावून कामाला सुरुवात केली होती. आईच्या खोलीच्या खिडक्या सताड उघड्या. कपाटाची दोन्ही दारं उघडी, आतून ओल्या फडक्यानं पुसलेली, लिंबाच्या साबणाचा वास मारणारी. आणि बाहेर गॅलरीतल्या दोरीवर आईचे सगळे स्वेटर, साऱ्या शाली हवेत हात हलवत होत्या.

"आलीस? बघ कसं मोकळं केलं," दादा हसत म्हणाला. "डांबरगोळ्यांचा काय भपकारा होता गं! सकाळपासून उघडं ठेवलंय तेव्हा कुठे गेला. म्हटलं तू यायच्या आत उरकावं, तुला त्रास नको."

धाकटी गॅलरीत गेली. तिनं आईचा राखाडी स्वेटर दोरीवरून ओढला आणि त्यात नाक खुपसलं. वारा. ऊन. लिंबू. शाल घेतली. वारा, ऊन.

"कुणी सांगितलं होतं तुला?"

"काय?"

"कुणी सांगितलं होतं उघडायला? रविवारी येणार होतास ना? कोण म्हणालं आज ये म्हणून?"

"अगं, सुट्टी मिळाली म्हणून…"

"नेहमी असंच करतोस! विचारायचं नाही, सांगायचं नाही, नुसतं स्वच्छ करायचं! माझे शिंपले उकळून ठेवले होतेस तेव्हाही! उकळून, दादा! भांड्यात घालून!"

"शिंपले?" दादा पार गोंधळला. "अगं, मी आठ वर्षांचा होतो. त्यांना घाण वास येत होता!"

"समुद्राचा येत होता! माझा समुद्र होता तो!"

तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. मोठा, चिरका, थेट खालच्या रस्त्यापर्यंत जाणारा. समोरच्या खिडकीत कुणीतरी डोकावलं. दादाच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. तो दोन पावलं पुढे आला आणि ज्या हळू आवाजात आई त्याच्याशी बोलायची त्याच आवाजात म्हणाला,

"धाकटे, गोळी घेतलीस का आज?"



"घेतली. पाव घेतली. दादा, मी चिडलेय. आजारी नाहीये. मी तुझ्यावर चिडलेय!"

"बरं," दादा म्हणाला.

"त्यात आई होती. थोडीच उरली होती. मी ठेवली होती, आजच्यासाठी ठेवली होती, आणि तू खिडक्या उघडल्यास."

दादानं कपाटाकडे पाहिलं, मग खिडक्यांकडे. त्याला कळलं तसा तो आईच्या पलंगावर मटकन बसला.

"आई गेली, दादा," धाकटी म्हणाली. जणू आत्ताच कुणीतरी येऊन सांगून गेलं होतं आणि दादाला ते माहीत नव्हतं.

"हो गं."

मग आलं. ज्याची ती इतके दिवस वाट बघत होती ते रडू आलं, आणि त्यात सुंदर काही नव्हतं. ती जमिनीवर बसली. ओकारी यावी तसं पोटातून उमाळ्यांनी येत राहिलं, नाक वाहिलं, उचकी लागली, तोंडातून प्राण्यासारखे आवाज आले. आई हातांना मलम लावून बोटं पसरून बसायची ते आठवलं. दवाखान्यातल्या शेवटच्या दिवशी आईनं नर्सच्या दातांचं कौतुक केलं होतं ते आठवलं, आणि त्या आठवणीपाशी हसू आणि रडू एकदमच आलं. याला तळ आहे की नाही ते कळेना. दादा खाली येऊन तिच्या शेजारी बसला. त्याच्या हनुवटीवरून टिपं गळत होती.

"तूही?" तिनं उचकीतून विचारलं.

"मग? मला येत नाही वाटतं रडू? माझी गोळी वेगळी आहे बाई." त्यानं शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं. "माफ कर गं मला. मला काय माहीत! आईला डांबरगोळ्यांचा वास होता असं मला कधी वाटलंच नाही. आईला मेणाचा वास यायचा."

"कसलं मेण?"

"कवळीच्या साच्याचं. गुलाबी. वितळवायची ना ती. शाळेतून आलो की तिच्या कुशीत तोच वास."

"मेण नव्हे. लवंगेचं तेल."

"लवंग दातांच्या दवाखान्याला होती. आईला मेण."

"वास कोण घेतं नोकरीत, तू का मी?"

"नाक बघ जा आधी आरशात. टोमॅटो झालाय. त्या नाकानं सांगतेयस होय!"

तिनं नाक शिंकरलं आणि श्वास घेऊन पाहिला. लिंबू नाही, ऊन नाही, काहीच नाही. ठार बंद. वासाच्या खोलीत बंद नाकानं बसायला परवानगी नव्हती, आधी कळवावं लागे. तिनं तिथूनच, जमिनीवर बसल्या बसल्या, फोन लावला.

"अप्पा, उद्या मला धरू नका. नाक पार बंद आहे."

"सर्दी झाली?"

"नाही. रडले."

पलीकडे अप्पांचा रेडिओ लागला होता. तो त्यांनी बारीक केला.

"आईसाठी?"

"हो."

"बरं बरं," अप्पा म्हणाले. "अजून चालू आहे का?"

"आहे अजून."

"मग ठेव फोन," अप्पा म्हणाले. "परवाचं परवा बघू."

तिनं फोन ठेवला. दादा गॅलरीतून स्वेटर काढून आणत होता आणि आणता आणता म्हणत होता की मेणच, हवं तर मावशीला विचार. धाकटी त्याला उत्तर द्यायला तोंड उघडणार तोच पुढचा उमाळा आला, आणि ती पुन्हा रडू लागली.